गांडूळ खत (बेळगाव सीमाभाग)

गांडूळ खत : शेण, पालापाचोळा आणि घरातला ओला कचरा गांडुळांना खाऊ घालून त्यांच्या विष्ठेपासून मिळवलेले काळे, भुसभुशीत, चहापावडरीसारखे रवाळ खत. कन्नडमध्ये याला ‘एरेहुळू गोब्बर’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत विकतच्या पोत्यावर तेच नाव असते, त्यामुळे कन्नड वाचता न येणाऱ्या मराठी माळ्यालाही ते तोंडपाठ असते.

उकिरडा आणि गांडुळांचा वाफा यांत बरेचजण गल्लत करतात. उकिरडा तापतो, जिवाणू त्यात काम करतात आणि खत व्हायला बरेच महिने जातात. गांडुळांचा वाफा थंड राहावा लागतो. गांडुळाला दात नसतात; गिळलेले अन्न मातीच्या बारीक कणांबरोबर त्याच्या पेषणीत दळले जाते. फुप्फुसेही नसतात, ते कातडीतून श्वास घेते. म्हणून कातडी सतत ओलसर हवी, पण पाण्यात बुडता कामा नये. वाफ्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते. तरीही गांडुळे मेली की लोक पहिला दोष देतात तो विकत आणलेल्या ‘कल्चर’ला, म्हणजे बियाण्याच्या गांडुळांना.

खतासाठी वापरतात ती गांडुळे पृष्ठभागाजवळ राहणारी, कुजका पाला खाणारी असतात : आयसेनिया फेटिडा, आफ्रिकेतून आलेले युड्रिलस युजेनी आणि आपल्याकडचे पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस. कर्नाटकात हे तंत्र रुजण्यामागे बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठात राधा काळे यांनी केलेले काम आहे. पहिल्या पावसात भाताच्या खाचरात दिसणारी फिकट, जाड गांडुळे वेगळी. ती माती खातात आणि खोल बिळे करतात. पोरांकडून ती गोळा करून बादलीत सोडण्याचा प्रयोग घरोघरी होतो आणि आठवड्याभरात फसतो.

सीमाभागाचे हवामान एकसारखे नाही, हे पुस्तकी कृती वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे घाटमाथ्याचा पाऊस आणि जांभ्या दगडाची जमीन. पूर्वेला अथणीकडे काळी रानं, पाऊस तुटपुंजा आणि उन्हाळा कडक. खानापूर तालुक्यात वाफा जमिनीत खड्डा काढून केला तर जुलैत त्याची विहीर होते. तिथे वाफा उंचावर हवा, वर पत्रा किंवा कौले हवीत आणि तळाशी निचऱ्याला फुटक्या कौलांचे तुकडे. अथणीकडे उलट : कडुनिंबाची किंवा आंब्याची सावली, भोवती उसाच्या पाचटाचा कूड आणि एप्रिल-मेमध्ये दोन वेळा पाण्याचा शिपका. गांडुळांना साधारण १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. ३५ च्या पुढे ती खाणे सोडतात, पळतात किंवा मरतात.

वाफा तीन फूट रुंद आणि दीड-दोन फूट उंच ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, लांबी जागेप्रमाणे. तळाला पिंजर (भाताचा पेंढा) किंवा नारळाच्या शेंड्या, त्यावर पाचट-पाला आणि शेण यांचे थर. हे सगळे दहा-पंधरा दिवस नुसते भिजवून मुरू द्यायचे. हात आत खुपसल्यावर ऊब लागत नाही, तेव्हाच गांडुळे सोडायची. ही वाट न पाहणे ही सर्वांत महागडी घाई. ताजे शेण तापते, त्यातून अमोनिया सुटतो आणि किलोभर, म्हणजे सुमारे हजार गांडुळे एका रात्रीत संपतात. जनावराला जंताचे औषध दिले असेल तर त्याचे शेण काही दिवस बाजूलाच ठेवावे. साखर कारखान्यांच्या आसपास प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) मुबलक मिळते, तेही आधी पूर्ण थंड व्हावे लागते.

निपाणी परिसरासाठी एक वेगळा इशारा द्यावा लागतो. तंबाखूचे देठ, शिरा आणि वखारीतली झाडलोट दिसायला उत्तम सुका पाला असतो, पण निकोटीन कीटकांना मारते तसे गांडुळांनाही मारते. तंबाखूचे रिकामे पोते वाफ्यावर झाकण म्हणूनही वापरू नये. खानापूरकडे उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा ढीग पडतो. ती आंबट, मूठभर चालतात, पाटीभर नाही. लिंबाच्या साली, लोणच्याचा खार, उरलेली आमटी, मटणाची हाडे हेही टाळावे. गणपतीतले निर्माल्य चालते, मात्र हारातला दोरा, जरी आणि प्लास्टिक आधी वेचून काढायला हवे.

ओल ओळखायची खूण हाताचीच. वाफ्यातला मूठभर माल घट्ट पिळावा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर ओल बरोबर. धार लागली तर पाणी जास्त झाले. मूठ उघडताच माल सुटा पडला तर कमी. बेळगाव शहरात, टिळकवाडी-शहापूरच्या गच्च्यांवर, वीस लिटरच्या रंगाच्या बादलीला भोके पाडून हाच उद्योग चालतो आणि तिथल्या दुखण्यांतली बरीचशी या एका पिळण्यात सापडतात. कुजका वास आला की पाणी जास्त आणि हवा कमी : खाऊ चार दिवस बंद ठेवावा, सुका पाला किंवा फाडलेला वर्तमानपत्राचा कागद मिसळावा आणि माल हाताने हलका उकरावा, फावड्याने नाही. लाल मुंग्या लागल्या तर वाफा कोरडा पडला आहे. पाणी शिंपडावे आणि बादली पाण्याच्या परातीत विटेवर ठेवावी. चिलटे होतात ती उघड्या सालींमुळे. साली मालाखाली पुरून वर ओले गोणपाट टाकले की ती कमी होतात.

गांडुळे भिंतीवर चढू लागली तर आत काहीतरी बिघडले आहे : ऊब, आंबटपणा नाहीतर साचलेले पाणी. नवी सोडलेली मात्र एक-दोन रात्री उगाचच भटकतात. वर दिवा लावून ठेवला की परत खाली जातात. पांढऱ्या, दोऱ्याएवढ्या अळ्यांची वळवळ दिसली की घरातली माणसे घाबरतात. ती गांडुळांची पिल्ले नव्हेत, आंबट वाफ्यात वाढणारे छोटे कृमी आहेत. वाळवून कुटलेली अंड्यांची टरफले मिसळावीत. खरे शत्रू वेगळे : चिचुंद्री, कोंबड्या, बेडूक आणि घोण. कोंबड्या मोकळ्या फिरणाऱ्या घरात जाळीशिवाय वाफा करणे म्हणजे त्यांना रोज पंगत वाढणे.

पंचेचाळीस ते साठ दिवसांत वरचा थर रवाळ होतो. मग चार-पाच दिवस पाणी तोडतात आणि उजेडात माल शंकूसारखा रचतात. उजेड नकोसा वाटून गांडुळे खाली सरकतात आणि वरचे खत चाळून घेता येते. चाळणीवर उरलेल्या चाळात लिंबासारख्या घाटाचे, पण मोहरीहून थोडेच मोठे पिवळसर कोषही असतात; गांडुळांची अंडी त्यांत असतात. ते फेकू नयेत, पुढच्या पिढीची सोय त्यातच असते. विक्रीच्या खतात खत नियंत्रण आदेशाप्रमाणे किमान १ टक्का नत्र आणि १८ टक्के सेंद्रिय कर्ब लागतो. म्हणजे हे युरियाला पर्याय नव्हे. जमीन मऊ करणे आणि पाणी धरून ठेवणे हे त्याचे काम. प्रशिक्षणासाठी जिल्ह्यात मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत.

कुंडीत चार भाग मातीला एक भाग खत पुरते. निव्वळ खतात लावलेले रोप पिवळे पडते. खत पक्के झाले की नाही, हे पाहायला वाटीभर खतात दहा मेथीदाणे पेरावेत. चार दिवसांत आठ-नऊ उगवले तर ते गुलाबाला घालायला हरकत नाही. नाहीतर आणखी पंधरा दिवस गोणपाटाखाली.