आकडा आधी, नाव नंतर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या माझ्या मित्रानं ऑफिसातच मेल सर्व्हर उभा केला. बाहेरून मेल येत होती. याची जीमेलवर धाडलेली कोटेशनं मात्र दारातूनच माघारी. कारण असं, की सर्व्हरच्या आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या आकडी पत्त्याला, पीटीआर नोंद नव्हती.

डीएनएस, म्हणजे इंटरनेटची पत्त्यांची वही, एरवी नावावरून आकडा सांगतो. पीटीआर नोंद आकड्यावरून नाव. २०३.०.११३.२५ हा पत्ता शोधायचा तर तो २५.११३.०.२०३ असा उलटा करून पुढे 'इन-अ‍ॅडर डॉट आर्पा' जोडतात. उलटा का? डीएनएसचं नाव टपालाच्या पत्त्यासारखं असतं: आधी घर, मग पेठ, शेवटी गाव. आयपीत गाव आधी येतं.

मेलची मूळ पद्धत १९८२ची. त्यात पाठवणारा सर्व्हर 'हेलो' म्हणून स्वतःचं नाव सांगतो, आणि ते काहीही सांगता येतं. बाहेरच्या मागावरच्या चादरीला 'सोलापुरी' लेबल चिकटवावं, तसंच. आयपी पत्ता मात्र सहजी खोटा चालत नाही. उत्तरं त्याच पत्त्यावर परतावी लागतात, नाहीतर बोलणंच पुढे सरकत नाही. म्हणून घेणारा सर्व्हर आकड्यावरून नाव काढतो आणि त्या नावावरून पुन्हा आकडा. तोच आकडा आला तर ठीक.

या चाळणीत मुख्यतः अडकतात ते व्हायरसनं ताब्यात घेतलेले घरोघरचे संगणक. मालकाला पत्ता नसताना ते रात्रभर स्पॅम ओकतात. ब्रॉडबँडच्या पत्त्यांना आकड्यावरून निघणारं नाव नसतं, किंवा आकडेच गुंफलेलं साचेबंद नाव असतं.

मित्र दोन दिवस डोमेनच्या, म्हणजे विकत घेतलेल्या इंटरनेटवरच्या नावाच्या, पॅनेलमध्ये पीटीआर शोधत बसला. तिथं ती सापडणार कशी? ही नोंद आकड्याच्या मालकाकडे, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे असते. "डोमेनचे पैसे मी भरले, अन् नोंद त्यांच्याकडं?" हा त्याचा सात्त्विक संताप. पण गंमत अशी, की चाळणीचा सगळा जोर याच अडचणीत आहे. आकड्याच्या आणि नावाच्या, दोन्ही टोकांनी होकार लागतो.

अर्थात भाड्याचा सर्व्हर घेऊन स्पॅमवालाही रीतसर पीटीआर लावू शकतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल पाठवणाऱ्यांकडून पीटीआरबरोबर एसपीएफ (डोमेनच्या नावानं मेल धाडायची मुभा असलेल्या सर्व्हरांची यादी) किंवा डीकेआयएमही (मेलवरची डिजिटल सही) मागतं, ते उगाच नाही.

कंपनीनं नोंद लावून दिली. कोटेशन पोचलं, पण थेट स्पॅमच्या फोल्डरमध्ये. एसपीएफ लावायचं राहिलंच होतं.