उमा (व्यक्तिनाम)

उमा : भारतीय उपखंडात सर्वदूर आढळणारे स्त्रीनाम. मुळात हे शिवपत्नी पार्वतीचे एक नाव. मराठीसह कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली, हिंदी आणि नेपाळी भाषकांत मुलींना ते पिढ्यानपिढ्या ठेवले जाते. उमेश, उमाकांत, उमापती, उमानाथ, उमाशंकर ही पुरुषनामे त्यावरूनच झाली. दोनच अक्षरांच्या या नावाचा नेमका अर्थ काय, यावर मात्र जुन्या टीकाकारांपासून आजच्या अभ्यासकांपर्यंत कोणाचेही एकमत नाही.

सर्वांत प्रसिद्ध उपपत्ती कालिदासाची. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात तो सांगतो, की पर्वताची मुलगी म्हणून आप्तांनी तिला पार्वती म्हटले. पुढे ती तपाला निघाली तेव्हा आईने ‘उ मा’, म्हणजे ‘अगं, नको’ असे म्हणून तिला अडवले आणि त्यावरून तिचे नाव उमा पडले (‘उ मेति मात्रा तपसो निषिद्धा पश्चादुमाख्यां सुमुखी जगाम’). ही कथा कालिदासाने रचलेली नाही. हरिवंशात ती अधिक तपशिलाने येते. तेथे हिमवान आणि मेना यांना तीन मुली आहेत. एकपर्णा एका पानावर राहते, एकपाटला पाटला वृक्षाच्या एका फुलावर आणि अपर्णा काहीच खात नाही. आईचा जीव तुटतो तो या तिसरीसाठी, आणि ‘उ मा’ हे शब्द तिलाच उद्देशून आहेत. म्हणजे अपर्णा आणि उमा ही दोन्ही नावे एकाच उपासातून आली, असे हरिवंशाचे म्हणणे.

गोष्ट सुरेख असली तरी व्युत्पत्ती म्हणून ती मान्य करता येत नाही. आधीच रूढ असलेल्या नावाची अशी फोड करून तिच्याभोवती प्रसंग रचणे ही पुराणांची नेहमीची रीत आहे. शिवाय नावाचा सर्वांत जुना ठळक उल्लेख येतो तेथे ना तप आहे, ना आईची मनाई. सामवेदाच्या परंपरेतील केनोपनिषदात देव विजयाने फुगलेले असताना त्यांच्यापुढे एक यक्ष प्रकट होतो. अग्नीला त्याने ठेवलेली गवताची काडी जाळता येत नाही, वायूला ती हलवता येत नाही. इंद्र जवळ जातो तोच यक्ष नाहीसा होतो आणि त्या जागी आकाशात ‘बहुशोभमाना उमा हैमवती’ दिसते. ते ब्रह्म होते, हे इंद्राला तीच सांगते. येथे ती कोणाची मुलगी वा पत्नी म्हणून आलेली नाही. देवांच्या राजाला जे कळले नाही ते तिला ठाऊक आहे, एवढीच तिची ओळख. शंकराचार्यांच्या भाष्यात ती साक्षात विद्या ठरते आणि ‘हैमवती’चे दोन अर्थ दिले जातात : सोन्याच्या अलंकारांनी जणू मढलेली, किंवा हिमवानाची कन्या. नामकोशांनी या उमेकडे दुर्लक्ष करून ‘अगं, नको’ तेवढे उचलले, हा कालिदासाच्या लोकप्रियतेचा परिणाम म्हणावा लागेल. रुद्राशी तिचे नाते तैत्तिरीय आरण्यकाच्या दहाव्या प्रपाठकात स्पष्ट होते; तेथे रुद्राला ‘अम्बिकापतये उमापतये’ असे नमन आहे.

संस्कृतात ‘उमा’ हे एका पिकाचेही नाव आहे : जवस, म्हणजे अळशी. अमरकोशात अतसी, उमा आणि क्षुमा हे पर्याय एकत्र दिलेले आहेत. पाणिनीलाही हा शब्द याच अर्थाने माहीत होता. तीळ, उडीद, भांग यांच्या शेतांसाठी शब्द कसे बनवावेत हे सांगणाऱ्या सूत्रात त्याने उमाही घेतली आहे (जवसाचे शेत ते ‘उम्य’ किंवा ‘औमीन’). पिकाच्या आणि देवीच्या नावाचा काही संबंध आहे की केवळ उच्चार जुळला, हे ठरवण्याजोगा पुरावा नाही. तरी मुलीचे नाव निवडणाऱ्यांना जवसाच्या निळ्या फुलाचा हा अर्थ कोणी सांगत नाही, याचे नवल वाटते.

संस्कृत कोशांत कांती, कीर्ती, शांती आणि रात्र असेही अर्थ नोंदलेले आहेत. बाळांच्या नावांच्या पुस्तकांत हेच अर्थ पुढे जातात, पण प्रत्यक्ष वाङ्मयात ते क्वचितच वापरलेले दिसतात. ‘उ’ म्हणजे शिव आणि ‘मा’ म्हणजे लक्ष्मी, म्हणून उमा ही शिवाची लक्ष्मी, अशी पंडिती फोडही आहे. ओंकारातील अ, उ, म हे वर्ण फिरवून ‘उमा’ होते, असे शाक्त आणि शैव उपासक सांगतात. काही अभ्यासक द्राविडी ‘अम्मा’कडे किंवा पश्चिम आशियातील ‘उम्म’ या मातृवाचक शब्दाकडे बोट दाखवतात. पण आईसाठी मकार असलेले शब्द जगभरच्या भाषांत आहेत. तेवढ्या साम्यावरून उगम ठरत नाही.

देवीची इतर अनेक नावे तिच्या एकटीच्या रूपाशी जोडलेली असताना उमा हे नाव मात्र बहुधा जोडीने येते. घरी कोणतीही पूजा असो, सुरुवातीच्या नमनांत ‘उमामहेश्वराभ्यां नमः’ म्हटले जाते. कुषाण राजा हुविष्क याच्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील एका सुवर्णनाण्यावर ‘ओएशो’ या शिवसदृश देवाशेजारी उभ्या देवीचे नाव ग्रीक लिपीत ‘ओम्मो’ असे कोरलेले आहे; ती उमाच, असे मानले जाते. मांडीवर किंवा शेजारी उमा असलेल्या शिवाची उमामहेश्वर मूर्ती भारतभर व नेपाळात विपुल आहे, कंबोडियातील बांते स्रेई मंदिरातही ती होती. तमिळ प्रदेशातील सोमास्कंद मूर्तीच्या नावात उमा दडलेली आहे : स-उमा-स्कंद, म्हणजे उमा आणि स्कंद यांच्यासह असलेला शिव. बँकॉकमधील तमिळांनी उभारलेल्या मारिअम्मन मंदिराला थाई लोक आजही महाउमादेवीचे मंदिर म्हणून ओळखतात.

बंगालमध्ये उमा ही आधी मुलगी आणि मग देवी. शारदीय दुर्गापूजेच्या दिवसांत ती सासरहून माहेरी येते, ही तेथली भावना. अठराव्या शतकातील रामप्रसाद सेन आणि त्यांच्यानंतरचे कमलाकांत भट्टाचार्य यांची आगमनी व विजया गीते याच प्रसंगाची आहेत. त्यांत उमेची आई मेनका (मेना) नवऱ्याला, म्हणजे गिरिराजाला, ‘उमेला घेऊन या’ म्हणून विनवते आणि दशमीला तिला निरोप देताना रडते. घरातल्या लेकीला उमा म्हणण्याची बंगाली सवय या गाण्यांशी जोडूनच समजून घ्यावी लागते.

महाराष्ट्राच्या इतिहासात हे नाव ठळक होते ते सेनापती उमाबाई दाभाडे यांच्यामुळे. १७३१ च्या डभईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव मारला गेल्यावर दाभाडे घराण्याचा कारभार त्यांनी हाती घेतला, पुढे ताराबाईंची बाजू घेऊन पेशव्यांशी वैर पत्करले आणि १७५३ मध्ये त्या वारल्या. हुबळीच्या स्वातंत्र्यसैनिक उमाबाई कुंदापूर, मराठी अभिनेत्री उमा भेंडे, कन्नड कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या अनुवादक उमा कुलकर्णी आणि मध्य प्रदेशच्या माजी मुख्यमंत्री उमा भारती यांची नावेही मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. हिंदी चित्रपटांतील विनोदी अभिनेत्री टुणटुण यांचे मूळ नाव उमादेवी. पडद्यावर हसवण्याआधी, १९४७ च्या ‘दर्द’ या चित्रपटात त्या उमादेवी या नावाने गायल्या होत्या.

हे नाव पुरुषांनाही वर्ज्य नाही. अंबाजीप्रमाणेच उमाजी हे मराठीत पुरुषाचे नाव होते. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे उमाजी नाईक (१७९१–१८३२) हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. आंध्र आणि तेलंगणात उमामहेश्वरराव या लांब नावाचे लघुरूप म्हणून पुरुषाला नुसते ‘उमा’ म्हणतात, त्यामुळे कागदावर नाव वाचून बाई की बाप्या हे कळत नाही. तत्त्वार्थसूत्रकार जैन आचार्य उमास्वाती यांच्या नावात आई उमा आणि वडील स्वाती यांची नावे जोडलेली आहेत, असे परंपरा सांगते.

पत्रिकेवरून नाव ठेवणाऱ्यांच्या दृष्टीने ‘उ’ हे कृत्तिका नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचे अक्षर आहे. उमेच्या मुलाला, कार्तिकेयाला, वाढवणाऱ्या कृत्तिकाच. हा योगायोग ज्योतिषांनी फारसा वापरलेला दिसत नाही. मराठी बोलण्यात नावाची दोन वळणे आहेत. देवीबद्दल बोलताना ‘उमेचा’, ‘उमेला’ असे सामान्यरूप होते, तर शेजारणीबद्दल बोलताना ‘उमाचा’, ‘उमाला’. घरात त्याचे उमी होते, आणि मान द्यायचा असेल तर उमाताई, उमाबाई, उमाकाकू. ‘ऊमा’ हे दीर्घ लेखन चुकीचे.

महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या मध्याला रमा, उमा, सुधा, शोभा ही नावे एकाच पिढीत भरपूर ठेवली गेली, आणि पुढच्या पिढीला ती आई-मावशीची नावे वाटू लागली. उमेश व उमाकांत यांचेही तसेच झाले. सध्या पालकांचा ओढा पुन्हा छोट्या, कोणत्याही भाषेत सहज उच्चारता येणाऱ्या नावांकडे आहे, आणि त्या कसोटीवर उमा चोख उतरते. परदेशी वाढणाऱ्या भारतीय मुलींसाठी तर ते सोयीचेच, कारण अमेरिकी अभिनेत्री उमा थर्मनमुळे त्याचा उच्चार तेथे आधीच ओळखीचा आहे. तिच्या नावाचा उगम मात्र वेगळा सांगितला जातो. तिचे वडील रॉबर्ट थर्मन हे तिबेटी बौद्ध धर्माचे अभ्यासक, आणि तिबेटीत ‘उमा’ म्हणजे मध्य. नागार्जुनाच्या माध्यमिक दर्शनालाही तिबेटी भाषेत हाच शब्द आहे. जपानीत ‘उमा’ म्हणजे घोडा.