तीन दिवसांचं राज्य आणि चौऱ्याहत्तर वर्षांचं राज्य

९, १० आणि ११ मे १९३०. या तीन दिवसांत सोलापूर शहरात ब्रिटिशांचा हुकूम चालत नव्हता. गांधीजींच्या अटकेची बातमी आल्यावर गिरण्या बंद पडल्या, ८ मे रोजी गोळीबारात माणसं गेली, लोक भडकले आणि पोलीस रस्त्यांवरून मागे हटले. रहदारी आणि बंदोबस्त काँग्रेसचे स्वयंसेवक पाहू लागले. १२ मेला लष्करी कायदा पुकारला गेला. पुढच्या वर्षी १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्मा पुतळ्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सोलापूरकराला हा इतिहास सांगावा लागत नाही.

मला त्यातला एक प्रश्न फार मोलाचा वाटतो. शहर हातात आलं, तरी सत्ता हातात का आली नाही? सोलापूरकरांना राज्य बळकावायचंच नव्हतं, लढा सत्याग्रहाचा होता, हे मान्य. पण १९१७ मध्ये रशियाची राजधानी पेट्रोग्राड घेणाऱ्या बोल्शेविकांचं, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाचं राज्य १९९१ पर्यंत टिकलं आणि १८७१ मध्ये पॅरिस घेणाऱ्यांचं अवघे ७२ दिवस. हा फरक कशाने पडतो, यावर राज्यशास्त्रात आणि समाजशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे.

चार्ल्स टिली या समाजशास्त्रज्ञाची मांडणी इथे उपयोगी पडते. एकाच भूमीवर दोघे जण ‘हुकूम आमचाच’ म्हणू लागतात आणि लोकांचा मोठा भाग दुसऱ्याचं ऐकू लागतो, तेव्हा क्रांतीची वेळ येते. दोघांपैकी एकच उरला की ती संपते. म्हणजे राजवाडा किंवा कचेरी ताब्यात घेणं ही सुरुवात झाली. खरी कसोटी त्यानंतर: पगार कोण वाटतो, धान्य कोण आणतो, तक्रार कोणाकडे जाते? साताऱ्याच्या प्रतिसरकारने ही गोष्ट नेमकी ओळखली होती. नाना पाटलांच्या सहकाऱ्यांनी १९४३ ते १९४६ या काळात गावोगावी न्यायदान मंडळं चालवली, तुफान सेना उभी केली. लष्कराने वेढा घालावा असं एकच ठिकाण तिथे नव्हतं. सोलापुरात ते होतं, आणि बाहेरच्या सरकारचं सैन्य व तिजोरी दोन्ही शाबूत होती.

तिजोरीचा मुद्दा पॅरिसमध्ये जिवावर बेतला. बँक ऑफ फ्रान्स त्याच शहरात होती, पण कम्यूनने, म्हणजे तिथल्या बंडखोरांच्या सरकारने ती ताब्यात घेतली नाही, फक्त कर्ज मागितलं. तीच बँक पॅरिसजवळच्या व्हर्सायमध्ये बसलेल्या शत्रुपक्षाच्या सरकारला कितीतरी अधिक पैसा पुरवत राहिली. बोल्शेविकांना हे पाठ होतं. त्यांनाही सरकारी बँकेचे अधिकारी पैसे देईनात, कारकून संपावर गेले. तेव्हा त्यांनी बळाने तिजोरी उघडवली आणि डिसेंबर १९१७ मध्ये खासगी बँकाही सरकारजमा केल्या. त्याच महिन्यात चेका ही गुप्त पोलीस यंत्रणा स्थापन झाली. निवडून आलेली संविधान सभा पुढच्या महिन्यात एका बैठकीनंतर मोडीत काढली गेली. त्या निवडणुकीत बोल्शेविक अल्पमतात होते.

फौजेचा प्रश्न याहून अवघड. जुनी फौज ठेवावी तर ती उलटते आणि मोडावी तर शत्रूशी लढणार कोण? बोल्शेविकांचा युद्धमंत्री ट्रॉट्स्की याने झारच्या हजारो अधिकाऱ्यांना नव्या लाल सेनेत घेतलं, पण त्यांच्या शेजारी पक्षाचे कमिसार, म्हणजे नजर ठेवणारे प्रतिनिधी बसवले. अधिकारी फितूर झाला तर त्याच्या कुटुंबाला धरण्याचा हुकूमही काढला. इस्लामी क्रांतीनंतर इराणने वेगळी वाट धरली. जुनं सैन्य ठेवलं आणि मे १९७९ मध्ये शेजारी क्रांतिरक्षक दल उभं केलं. दोन फौजा असल्या की एकीला दुसरीची धास्ती राहते आणि बंड करणं कठीण होतं.

आता सगळ्यांत विलक्षण भाग. स्टीव्हन लेव्हिट्स्की आणि ल्युकन वे या राज्यशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकातल्या क्रांतिकारी राजवटींची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष असा की सुरुवातीला झालेला जोरदार हल्ला पचवला, तर राजवट कमकुवत न होता घट्ट होते. रशियातलं गृहयुद्ध, क्यूबावरचा १९६१ चा पिग्सच्या उपसागरातला हल्ला, इराण-इराकचं आठ वर्षांचं युद्ध पाहा. युद्धात कुंपणावरचे गळून पडतात, नेतृत्व एकवटतं, फौज नव्या राज्याची होते आणि जमीनदार, जुने सरदार, धर्मपीठं अशी स्वतंत्र ताकदीची ठिकाणं उद्ध्वस्त होतात. अर्थात हल्ला पचला तरच. हंगेरीत १९१९ साली बेला कुनचं कम्युनिस्ट सरकार १३३ दिवसांत कोसळलं.

याची किंमत आपल्यासारख्या वाचकांनी नजरेआड करू नये. पेट्रोग्राडजवळच्या क्रोनस्टाट या नाविक तळावरच्या ज्या नौसैनिकांनी क्रांतीला बळ दिलं होतं, त्यांनीच मार्च १९२१ मध्ये मुक्त निवडणुका मागितल्या आणि लाल सेनेने त्यांना चिरडलं. त्याच मार्चमध्ये शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य ओढणं थांबवून ठरावीक कर लावला गेला. दडपशाही आणि सवलत एकाच वेळी आली. माझ्या मते, बोल्शेविकांची सत्ता पक्की झाली ती इथे.

लोकांच्या मनाचाही हिशेब असतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलं की प्रत्येकाचा एक उंबरठा असतो: कोणी एकटाच रस्त्यावर उतरतो, कोणी दहा जण दिसल्यावर, कोणी हजार. म्हणून इतर किती जण आपल्या बाजूचे आहेत हे डोळ्यांना दिसणं निर्णायक ठरतं. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला, तो सगळ्या शहराला दिसला. लष्करी कायद्याच्या काळात झेंडा मिरवणाऱ्यांना, अगदी गांधी टोपी घालणाऱ्यांनाही शिक्षा का झाल्या, हे यावरून उमगतं. टोपीने सरकारचं काय बिघडणार होतं? पण डोक्यावरची टोपी रस्त्यावर मोजता येते. नवं क्रांतिकारी सरकारही नेमकं हेच करतं. आपले झेंडे सगळीकडे लावतं, दुसऱ्यांचे दिसू देत नाही.

१९८९ ने या सगळ्याची परीक्षा घेतली. सोव्हिएत फौजेच्या आधाराने बसलेली पूर्व युरोपातली सरकारं काही महिन्यांत गेली. स्वतः लढून आलेली चीन, व्हिएतनाम, क्यूबाची टिकली. सोव्हिएत राज्यही लढून आलेलं, पण गृहयुद्ध लढलेली पिढी तोवर संपली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध कट करणाऱ्यांनी संसदेच्या इमारतीवर चालून जायला सांगितलं, तेव्हा खास तुकड्या गेल्याच नाहीत.