मिक्सर बंद करण्याचं कार्ड

माझा भाचा सहा वर्षांचा आहे. सुरगाण्याजवळच्या गावात राहतो. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. बोलायला मोजून चार-पाच शब्द. माझी मावसबहीण वर्षभर त्याला आठवड्यातून एकदा एसटीने नाशिकला आणत होती. पाऊण तासाच्या थेरपीसाठी अख्खा दिवस मोडायचा. आणि सेंटरमध्ये पोरगा अगदी शहाण्यासारखा बसायचा. डोकं आपटायचा तो घरी, संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला. "दादा, तिथे तो असं करतच नाही. मग मी मॅडमना दाखवू काय?" असं ती मला विचारायची. मुलाच्या घरीच, व्हिडिओ कॉलवरून आईला शिकवून असं वर्तन कमी करायचं, या विषयाचं मर्म तिच्या त्याच प्रश्नात आहे.

मूल डोकं आपटतं, चावतं, ओरबाडतं, तेव्हा आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. पण 1982 साली अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. स्वतःला इजा करणाऱ्या मुलांना त्यांनी आलटून पालटून वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवलं आणि पाहिलं, की हे वर्तन नेमकं कधी वाढतं? कुणाचं ते लक्ष वेधण्यासाठी होतं, कुणाचं नको असलेल्या कामातून सुटण्यासाठी, आणि कुणी एकटं असतानाही तेच करत होतं. बाहेरून कृती एकच, आतलं कारण निराळं. मग सगळ्यांना उपाय तरी एकच कसा चालेल? 1985 मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी पुढची पायरी दाखवली. मूल जे डोकं आपटून मागतं, तेच मागायची सोपी रीत त्याला शिकवायची: एक शब्द, एक खूण किंवा एक कार्ड. ही रीत जास्त लवकर फळते असं मुलाला कळलं, की आपटणं मागे पडतं.

आता हे कारण शोधायचं कुठे? जिथे ते वर्तन घडतं तिथे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या तज्ज्ञांपुढे आपल्यासारखीच अडचण होती: तज्ज्ञ शहरात, कुटुंबं दूरदूर विखुरलेली. मग त्यांनी आईवडिलांच्या घरात कॅमेरा लावला आणि पडद्यावरून त्यांना एकेक पाऊल सांगितलं. 2016 मध्ये त्यांनी 107 लहान मुलांचे निष्कर्ष मांडले. तज्ज्ञ घरी जाणं, जवळच्या दवाखान्यातून व्हिडिओ, घरातूनच व्हिडिओ, अशा तीन पद्धती होत्या. तिन्हींत त्रासदायक वर्तन सरासरी 90 टक्क्यांहून जास्त घटलं, आणि व्हिडिओचा खर्च कमी आला. कोणतं मूल कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, ही त्यातली उणीव. ती त्यांनी 2020 च्या चाचणीत भरून काढली. 38 मुलं होती. व्हिडिओ प्रशिक्षणाच्या गटात 12 आठवड्यांत वर्तन 98 टक्क्यांनी उतरलं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत फरक थोडाच पडला.

आकडे बाजूला ठेवून बहिणीच्या स्वयंपाकघरात या. मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवलेला. पडद्यावर नाशिकहून थेरपिस्ट. घरात सगळ्यांची खात्री होती, की हा बिस्किटासाठी करतो. कारण डोकं आपटलं की आजी बिस्किट देते. थेरपिस्ट म्हणाल्या, "ताई, आधी बिस्किट हातात द्या आणि मग मिक्सर लावा. डोकं आपटायला लागला की लगेच बंद करा." मिक्सर घरघरला, बिस्किट खाली पडलं, आपटणं सुरू. मग उलट करून पाहिलं. मिक्सर बंद, बिस्किट समोर पण द्यायचं नाही. पोरगा कुरकुरला, रडवेला झाला, पण आपटलं नाही. दोन-तीन दिवस हेच पुन्हा पुन्हा दिसलं. वर्षभर आम्ही बिस्किटाला दोष देत होतो. त्याला तो आवाज सहन होत नव्हता.

मिक्सरच्या चित्रावर लाल फुली मारलेलं एक कार्ड केलं, प्लास्टिकची पट्टी चिकटवून. पहिल्या दिवशी बहिणीने त्याचा हात धरून कार्ड द्यायला शिकवलं आणि तत्क्षणी मिक्सर थांबवला. चार दिवसांनी कार्ड तो स्वतः आणून देऊ लागला. पुढे "दोन मोजू, मग बंद," मग पाच, मग दहा. दहाच्या टप्प्यावर एका संध्याकाळी त्याने पहिल्यापेक्षाही जोरात डोकं आपटलं. लाइट गेल्यावर आपण बटण चारदा दाबतो ना, तसं असतं हे. सवयीचा उपाय लागू पडेना, की माणूस तोच आधी जोर लावून करून पाहतो. थेरपिस्टने याची कल्पना आधीच दिली होती, उशी जवळ ठेवायला सांगितली होती आणि त्या दिवशी मोजणं पुन्हा पाचवर आणलं. ही कल्पना नसती, तर बहिणीने सगळं सोडून दिलं असतं असं ती स्वतः सांगते.

आईला शिकवायचं म्हणजे चूक आईची, असं कुणी ऐकवलं तर मला मनापासून राग येतो. एकेकाळी ऑटिझमचं खापर 'फ्रिजसारख्या थंड' आयांवर फोडलं गेलं. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच मुलाचा बाप होता, ते खोडून काढलं. कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे. आईला शिकवायचं ते ती दिवसभर मुलाजवळ असते म्हणून. नुसती माहिती देऊनही भागत नाही. 2015 च्या एका अमेरिकी चाचणीत 3 ते 7 वयाची 180 मुलं होती. पालकांच्या मते चिडचिड माहिती मिळालेल्या गटात सुमारे 32 टक्क्यांनी घटली, तर प्रत्यक्ष सराव करवून घेतलेल्या गटात सुमारे 48 टक्क्यांनी.

यातलं काही मोबाईलवर वाचून मनाने करू नका. वर्तन अचानक बिघडलं, तर आधी डॉक्टरांकडून दात, कान, बद्धकोष्ठ, फिट्स तपासून घ्या. बोलता न येणारं मूल दुखणंही असंच सांगतं. इजा गंभीर होत असेल तर पडद्यावर विसंबू नका, तज्ज्ञ समोरच हवा. आणि मूल हात फडफडवतं, गोल फिरतं, त्यात कुणाला इजा नसेल तर ते करू द्या. इलाज त्रासावर करायचा, मुलाच्या वेगळेपणावर नाही.

एकत्र कुटुंबात अजून एक गोष्ट लागते: आजी कॉलवर हवी. आमच्याकडे पहिले दोन सेशन ती दाराआडून ऐकत होती. तिसऱ्याला थेरपिस्टनेच विचारलं, "आजी कुठे आहेत?" दिवाळीत मी गेलो तेव्हा चकलीची भाजणी करायला आजीच मिक्सरपाशी बसली होती. भाचा आला, कोपरे चावून चावून मऊ पडलेलं कार्ड त्याने तिच्या मांडीवर ठेवलं. आजीने मोठ्याने दहा मोजले, बटण फिरवलं आणि भांडं घेऊन मागच्या अंगणात उखळाकडे गेली.