व्हाइट बॅलन्समधला केल्विनचा आकडा : पार्श्वभूमी
रंगीत फिल्मच्या काळात व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे कोणत्या उजेडात पांढरी वस्तू पांढरी दिसावी याचा, निर्णय रोल विकत घेतानाच होऊन जाई. डेलाइट रोल साधारण 5500 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप), तर टंगस्टन रोल 3200 केल्विनच्या उजेडासाठी बनवलेला असे. डेलाइट रोल दिव्याखाली वापरायची वेळ आली, तर लेन्सवर 80ए हा निळा फिल्टर चढवून दोन स्टॉप उजेडावर (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) पाणी सोडावे लागे. उलट टंगस्टन रोल उन्हात वापरताना 85बी या नारिंगी फिल्टरपायी दोन तृतीयांश स्टॉपच जाई, म्हणून चित्रपटांसाठी एकच टंगस्टन फिल्म घराआत आणि बाहेर वापरणे सोयीचे ठरले.

डिजिटल कॅमेऱ्यात हे काम गुणाकारावर आले : सेन्सरकडून मिळालेले लाल आणि निळे संकेत हिरव्याच्या तुलनेत कमीजास्त केले जातात. मेनूतली दिवा, सूर्य, ढग, सावली ही चिन्हे समजायला सोपी होती. घोटाळा झाला तो केल्विनच्या आकड्याने. वस्तू जितकी जास्त तापते तितका तिचा उजेड निळसर होतो, त्यामुळे मेणबत्ती सुमारे 1900 आणि ढगाळ आकाश 6500 केल्विनच्या आसपास येते. पण कॅमेऱ्यात आकडा वाढवला की छायाचित्र पिवळे पडते. याचे कारण असे, की तो आकडा छायाचित्राचा रंग सांगत नाही, समोरचा उजेड कसा आहे हे सांगतो, आणि कॅमेरा त्याची उलट भरपाई करतो. 2800 केल्विनच्या बल्बखालचा पांढरा कप 5500 वर नारिंगी दिसतो, 2800 वर पांढरा, आणि 3200 वर किंचित उबदार. डोळ्यांना बहुधा हा तिसराच खरा वाटतो. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडरचे मोठ्या आकड्याचे टोक पिवळे रंगवलेले असते, आणि माझ्या मते आकडा छायाचित्राचाच रंग सांगतो या गैरसमजाला सर्वांत जास्त खतपाणी तिथेच मिळाले. शिवाय आकड्यांच्या पायऱ्याही सारख्या नाहीत : 3000 वरून 4000 वर गेल्यास डोळ्यांत भरणारा फरक पडतो, तर 7000 वरून 8000 वर गेल्यास तो जेमतेम जाणवतो.

ऑटोची, म्हणजे कॅमेऱ्याने व्हाइट बॅलन्स आपोआप ठरवण्याची, पहिली गणिते दृश्याची सरासरी करडी धरून चालत, त्यामुळे चौकटभर हिरवळ आली की चेहरे जांभळट होत. पुढे काही कॅमेऱ्यांत पांढरा रंग पांढराच ठेवणारा आणि दिव्याची ऊब राखणारा, असे दोन ऑटो आले. रॉमुळे, म्हणजे सेन्सरची माहिती कच्चीच साठवणाऱ्या फाइलमुळे, निर्णय नंतर घेता येतो हे खरे, मात्र कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बहुधा निवडलेल्या व्हाइट बॅलन्सवरूनच काढला जातो, आणि चुकीच्या सेटिंगमुळे एक्स्पोजरचा, म्हणजे किती उजेड घ्यायचा याचा, अंदाज फसू शकतो.

ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी यांची हिरवी झाक तर केल्विनच्या पट्टीवर बसतच नाही; तिच्यासाठी हिरवा-मजेंटा (जांभळट गुलाबी) असा वेगळा अक्ष द्यावा लागला, जो पुष्कळ जण अजून उघडूनही पाहत नाहीत.