डिफर झालात? ओढ वेगळी, मेळ वेगळा

अमेरिकेतल्या कॉलेजांना १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत ‘अर्ली’ अर्ज केला की बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या मध्यावर निकाल लागतो. होकार, नकार, नाहीतर डिफर. डिफर म्हणजे पोहे खाऊन झाले आणि मंडळी ‘कळवतो’ म्हणून उठली. अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा वाचला जातो, उत्तर साधारण मार्चअखेरीस येतं. अर्ज ‘अर्ली डिसिजन’चा, म्हणजे ‘घेतलंत तर तुमच्याकडेच येईन’ असं आधीच कबूल केलेला असेल, तर ते बंधन मात्र तिथेच सुटतं.

मग जो तो सांगतो, पत्र लिही, कॉलेज किती हवंय ते कळू दे. घोळ इथेच होतो. ओढ म्हणजे ‘मला तुम्ही हवे आहात’. मेळ म्हणजे ‘तुमच्याकडे जसं शिकतात, तशी मी आत्ताच शिकतेय’. पहिली सांगता येते. दुसरा दिसावा लागतो.

माझी भाचीही डिफर झाली. तिच्या पत्राच्या पहिल्या खर्ड्यात होतं: ‘तुमचं कॉलेज हे माझं स्वप्न आहे. तिथलं शैक्षणिक स्वातंत्र्य मला भावतं.’ म्हटलं, स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय गं? गप्प.

ब्राउन विद्यापीठात त्या शब्दाला ठोस अर्थ आहे. १९६९ पासून तिथे ओपन करिक्युलम आहे. सगळ्यांनी घ्यायलाच हवेत असे ठरावीक विषय नाहीत, आणि अनोळखी विषय घेऊन बघायचा तर श्रेणीऐवजी नुसतं ‘समाधानकारक’ एवढ्यावर घेता येतो. कोलंबिया विद्यापीठातल्या कोलंबिया कॉलेजचा अभिमान नेमका उलटा: तिथला ‘कोअर’, म्हणजे ठरावीक विषयांचा गाभा, सगळ्यांना सक्तीचा, पहिल्या वर्षी सगळे होमर वाचतात. तिथे ‘स्वातंत्र्य भावतं’ लिहिलं, तर तुम्ही संकेतस्थळसुद्धा धड वाचलेलं नाही, हे तुम्हीच कळवलंत.

ओढीचा भाव तरी किती? बरीच कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ जाहीर करतात. त्यातल्या सी-७ तक्त्यात ‘अर्जदाराची उत्सुकता’ अशी एक ओळ असते: फार महत्त्वाची, महत्त्वाची, विचारात घेतो किंवा घेत नाही. एमआयटीची खूण ‘घेत नाही’वर. पण मेळ त्यांनाही हवाच. ब्रीदच आहे, ‘मेन्स एट मॅनस’, बुद्धी आणि हात. त्यामुळे तिथे प्रेमपत्र फुकट. नोव्हेंबरनंतर हातांनी काय केलंत, ते फेब्रुवारीत ताजी माहिती कळवायचा त्यांचा फॉर्म असतो, त्यात लिहा.

भाचीकडे खरं तर माल होता. पणजोबांचे मोडीतले जमाखर्चाचे कागद वाचता यावेत म्हणून ती दिवाळीनंतर रविवारच्या वर्गाला जायला लागली होती. डिसेंबरात तिने मोडी अक्षरं ओळखणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो निम्म्या वेळा चुकायचा, कारण मोडीत हात न उचलता लिहितात आणि एक अक्षर कुठे संपतं तेच त्याला कळेना. हे पत्रात का नाही? ‘अगं मावशी, तो तर टाइमपास आहे!’

दुसऱ्या खर्ड्यात स्वप्न गेलं, जोडाक्षरासारखी चिकटलेली ती अक्षरं आली. शेवटी तिने लिहिलं की भाषाशास्त्र आणि संगणक एकत्र शिकता आले तर या चुकीचं मूळ शोधायचंय, आणि त्यासाठी त्या कॉलेजातले कुठले दोन विषय घेईन. (सहामाहीचे गुण शाळेचे समुपदेशक वेगळे पाठवतात, त्यांचं पत्रात पाल्हाळ नको.) एका पानात मावलं. पत्र एकदाच जातं, दर आठवड्याला नाही. आणि डिफरच्या ईमेलमध्ये ‘काही पाठवू नका’ असेल तर खरंच पाठवू नका.

ओढीचं एक वाक्य मात्र मी ठेवायला लावलं: ‘प्रवेश मिळाला तर मी नक्की येईन.’ तेही खरं होतं म्हणून. हे वाक्य एकाच कॉलेजला लिहायचं असतं. तिने ते तीन कॉलेजांच्या पत्रांत कॉपी करून ठेवलं होतं, दोन खोडायला लावली.