फिल्बिंगर प्रकरण : 'नौदल न्यायाधीश' म्हणजे नेमके कोण?

जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचे मुख्यमंत्री म्हणून हान्स फिल्बिंगर यांनी बारा वर्षे काढली. १९७६ मध्ये त्यांच्या पक्षाला ५६.७ टक्के मते पडली होती. दोनच वर्षांनी ७ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांना पायउतार व्हावे लागले, ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जुन्या कागदांमुळे. एका नाटककाराने त्यांना 'भयंकर कायदेपंडित' म्हटले, फिल्बिंगर कोर्टात गेले आणि त्या धुरळ्यात जुन्या फायली उघडल्या.

घोळ 'नौदल न्यायाधीश' या शब्दाचा आहे. हे जर्मन नौदलाच्या विधी शाखेतील हुद्द्याचे नाव होते आणि युद्धात फिल्बिंगर त्या हुद्द्यावर होते. तोच अधिकारी एका खटल्यात सरकारी वकील, तर दुसऱ्यात न्यायासनावर असे. त्यामुळे 'त्यांनी खलाशाला फाशी दिली' हे सर्रास ऐकू येणारे वाक्य दोनदा चुकते. तो गोळीबार होता आणि त्या खटल्यात फिल्बिंगर सरकारी वकील होते. पळून जाण्याच्या बेतात असलेल्या त्या खलाशाला आधी आठ वर्षांची सक्तमजुरी झाली होती. वरिष्ठांना ती कमी वाटली. जानेवारी १९४५ मध्ये फिल्बिंगर यांनी मृत्युदंड मागितला आणि तो मिळाला. १६ मार्चला जर्मनांच्या ताब्यातील नॉर्वेत, ऑस्लोमध्ये दुपारी दोनच्या सुमारास २२ वर्षांच्या त्या मुलाला हुकूम वाचून दाखवला गेला. चारच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या. देखरेख करणारा अधिकारी म्हणून कागदावर फिल्बिंगर यांचेच नाव आहे. 'मागणी वरून आली होती' हा त्यांचा बचाव खरा धरला, तरी त्या दोन तासांचे उत्तर त्यातून मिळत नाही.

न्यायाधीश या नात्याने आपण एकही मृत्युदंड दिला नाही, असे ते ठामपणे सांगत होते. मग तसे दोन निकाल सापडले. आरोपी स्वीडनला निसटलेले असल्याने त्यांची अंमलबजावणी झाली नव्हती. हे आपण विसरलो होतो, असे त्यांनी सांगितले. माणसाला मरणाची शिक्षा सुनावल्याचा विसर पडावा, हे लोकांना पटले नाही आणि पटण्यासारखे नव्हतेही. 'तेव्हा जे कायदेशीर होते, ते आज बेकायदा ठरू शकत नाही' हे त्यांच्या नावावरचे वाक्य तर कायमचे चिकटले. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असे ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

त्या वाक्याला कायद्याने उत्तर मिळायला २००२ उजाडले. नाझी लष्करी न्यायालयांनी पळपुट्यांना दिलेल्या शिक्षा संसदेने त्या वर्षी सरसकट रद्द केल्या. एप्रिल २००७ मध्ये फिल्बिंगर वारले. फ्रायबुर्गच्या अंत्यविधीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांना नाझी राजवटीचे विरोधक म्हटले. देशभर संताप उसळला. वस्तुतः १९३७ पासून ते नाझी पक्षाचे सदस्य होते. आठवडा उलटायच्या आत ते विधान मागे घ्यावे लागले.